उत्तराबाईंची चाळणी

सरोजिनी नगरच्या दुधाच्या बूथवर उत्तराबाई टोकन टाकत, आणि यंत्राची धार थांबली तरी डबा तिथून हलवत नसत. शेवटचा थेंब पडून तोटी कोरडी दिसली की मगच बाजूला होत. मागे रांगेत कुरकुर चाले, पण ती त्यांच्या कानावरून जाई. घरी आल्यावर एक थेंब नखावर घेऊन बघायचा, आणि तो जरा पातळ वाटला की चौकशी समिती बसायची. पाणी गोठ्यात घातलं, की टँकरमध्ये वाटेत घातलं, की आपलाच डबा धुतल्यावर ओला राहिला होता? त्यांचे यजमान सुधन्वा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, फायलींना मुरलेले. ते म्हणत, या घरात चहा मिळतो तो अहवाल सादर झाल्यानंतर.

हा स्वभाव उत्तराबाईंनी माहेराहून आणला की नोकरीच्या वाटेत त्यांना लागला, यावर घरात दोन मतं होती. नोकरी मात्र स्वभावाला शोभेल अशीच होती. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत, अवकाशात जाणारी चुंबकमापी यंत्रं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. संस्थेची फरीदाबादच्या पुढे एक लाकडी खोली होती. त्या खोलीत लोखंडाचा एक खिळा नव्हता, बिजागऱ्यासुद्धा पितळेच्या. कारण हे यंत्र इतकं हळवं की जवळ साधी सेफ्टी पिन असली तरी ते भलतंच बरळू लागतं. उत्तराबाई दारात उभ्या राहत आणि आत जाणाऱ्याच्या किल्ल्या, पट्टा, चष्मा, सगळं काढून घेत. एकदा बाहेरगावचे एक मोठे शास्त्रज्ञ आले, तर त्यांच्या बुटांच्या तळात पोलादी पट्टी असणार असा यांना संशय आला. ते नाही म्हणाले. बाईंनी होकायंत्र त्यांच्या पायाशी धरलं, काटा हलला, आणि पाहुण्यांना जानेवारीच्या थंडीत मोज्यांवर आत जावं लागलं.

मराठी बाईच्या बांगडीत चारदोन पिना लटकत नाहीत असं सहसा होत नाही. दिल्लीतल्या हळदीकुंकवात कुणाची निरी सुटली की सगळ्या बायका बांगड्या चाचपतात. उत्तराबाईंकडे कधीच पिन निघायची नाही. रोज सकाळी त्या पदराला दोन टाके घालून तो ब्लाउजला शिवून टाकत आणि रात्री उसवत. खोलीत जायचं काम कमी होऊन त्या संगणकापुढे बसू लागल्या, तरी टाके चालूच राहिले. पिनेवर त्यांचा विश्वास नव्हता तो नव्हताच.

ज्या यंत्राला त्यांनी असं सोवळ्यात वाढवलं, ते आता पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये, पृथ्वीपासून बरंच लांब, एका यानावर बसलेलं होतं. सूर्यापासून तापलेल्या कणांचा एक वारा सतत बाहेर सुटत असतो, त्याला सौरवारा म्हणतात. हा वारा सूर्याचं चुंबकत्व बरोबर ओढत आणतो. ते सरळ येत नाही. त्यात पीळ असतात, घड्या असतात, मधेच ते एकदम मागे वळतं आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतं. आता या घड्या पडल्या कुठं? सूर्याच्या पृष्ठभागावर, जिथं ऊन वायू उकळत्या पिठल्यासारखा वर येऊन फुटतो, तिथं? की निघताना सगळं सरळ होतं आणि वाटेत वाऱ्याच्या धक्काबुक्कीत ते मुरगळलं? जगभरचे विद्वान या दोन पक्षांत वाटलेले होते. उत्तराबाईंचा पक्ष तिसरा. त्या म्हणत, सूर्याचं नाही आणि वाटेचंही नाही, आधी आपल्या यानाचं आहे का ते बघा. म्हणजे पुन्हा तो ओला डबाच.

यामागे एक जुनं दुखणं होतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा शांतारामसर त्यांचे वरिष्ठ होते. आधीच्या एका यानाच्या मोजणीत त्यांना सुंदर चौकोनी उड्या दिसल्या, त्या सूर्याहून आल्या असं त्यांनी परिषदेत सांगितलं, वर्तमानपत्रात फोटो आला. मग कळलं की यंत्र गार पडू नये म्हणून यानातला हीटर चालू व्हायचा, त्याच्या विजेनं ती उडी यायची, आणि हीटर बंद झाला की सगळं जागेवर. लोक तोंडावर हसले. सर त्यानंतर कुठल्याच परिषदेत उभे राहिले नाहीत, आणि निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या निरोपसमारंभालाही आले नाहीत. उत्तराबाईंना ते फार लागलं. दुधानं तोंड पोळलं सरांचं, आणि ताक फुंकून प्यायला लागल्या या.

नव्या यानाच्या वेळी त्यांनी संगणकासाठी एक नियम लिहिला. जे काही एकदम उडी मारेल आणि थोड्या वेळानं होतं तिथं परत येईल, ते यानाची घाण समजायचं आणि काढून टाकायचं. विभागातली हिंदी मंडळी त्याला 'उत्तरा मॅडम की छलनी' म्हणू लागली. आलेली मोजणी आधी चाळणीतून जायची, मगच बाकीच्यांच्या हाती पडायची. चाळणीवर काय राहतं ते कुणी बघितलं नाही. कचऱ्याचा डबा कोण उघडून बघतो?

अक्षया साळवे आली ती या चाळलेल्या मोजणीवर पीएचडी करायला. श्रीरामपूरची मुलगी, मुनिरकात खोली घेऊन राहणारी, हळू बोलणारी. विभागात मराठी त्या दोघीच, त्यामुळे डबे एकत्र उघडले जाऊ लागले. संस्थेत ती 'मॅडम' म्हणे. एका रविवारी उत्तराबाईंनी तिला घरी जेवायला बोलावलं, आणि घरात पाऊल टाकताना तिनं आपणहून 'काकू' म्हटलं. तेव्हापासून संस्थेत मॅडम आणि घरी काकू असं ठरूनच गेलं. कुणावर विश्वास टाकायची सवय उत्तराबाईंना नव्हती, पण अक्षयाच्या डब्यातलं त्या न विचारता खात असत. चिन्मयसाठीही त्यांनी कधी एवढं केलं नव्हतं, आणि तो तर पोटचा मुलगा.

पाल चुकचुकली ती दिवाळीनंतर, दिल्लीवर धुराची गोधडी पसरली होती त्या दिवसांत. उत्तराबाई टेबलाशी गेल्या की अक्षया लॅपटॉप मिटू लागली. आधी पाव मिटायची, मग पूर्ण. डब्याच्या वेळी तिला काहीतरी काम निघू लागलं. मग संगणक विभागातल्या माणसानं सहज बोलता बोलता सांगितलं की अक्षयानं चाळणीच्या आधीची, कच्ची मोजणी मागून नेली आहे, आणि उत्तरा मॅडमना सांगायची गरज नाही असं म्हणाली आहे. उत्तराबाईंनी ते ऐकलं आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बूथवर त्यांचा डबा भरून वाहिला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

डिसेंबरात विभागाच्या बैठकीत अक्षयानं एक चित्र दाखवलं. सौरवाऱ्यातल्या चुंबकत्वात वळणंच वळणं, झुबक्याझुबक्यानं आलेली, आणि एकेका झुबक्याचा आवाका सूर्यावरच्या त्या उकळत्या बुडबुड्यांशी जुळेल असा. विभागप्रमुख खूश झाले. ही वळणं आपल्या यानाकडून आलेली उत्तराबाईंनी कधी पाहिली नव्हती, आणि आपल्या हातून गेलेल्या मोजणीत ती नव्हती हे त्या शपथेवर सांगू शकत होत्या. त्यांनी विचारलं, हे कुठून आणलंस. अक्षयाचा चेहरा उतरला. अजून तपासतेय मॅडम, एवढंच ती म्हणाली.

घरी येऊन त्यांनी सुधन्वांना सांगितलं की इथं पाणी मुरतंय. मुलीची फेलोशिप संपत आलीय, प्रबंध पुरा व्हायला काहीतरी चमकदार हवंय, आणि तिनं कच्च्या मोजणीत हात घातलाय. सुधन्वा म्हणाले की सरळ तिलाच विचार. चिन्मय दिल्लीत वाढलेला, त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता सल्ला दिला, "आई, छोड ना यार, ती अच्छी मुलगी आहे." अच्छी मुलगी आहे म्हणूनच उत्तराबाईंना जास्त झोंबत होतं. परक्यानं फसवलं तर माणूस चिडतो. आपल्या ताटातलं खाल्लेल्यानं फसवलं तर काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी तशी वेळच येऊ दिली नव्हती.

संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी विभागप्रमुखांना मेल लिहिला. अक्षया साळवे हिनं मोजणीत फेरफार केल्याचा मला संशय आहे, तिचा प्रबंध थांबवून चौकशी करावी. लिहिताना शांतारामसर डोळ्यांपुढे होते, त्यामुळे एक शब्दही खोडावा लागला नाही. पाठवून झाल्यावर मात्र पदराचे टाके उसवताना दोनदा सुई टोचली.

शनिवार-रविवार त्यांना घरात बसवेना. चोराच्या तोंडून ऐकल्याशिवाय चोरी पुरी होत नाही असं काहीसं मनाशी म्हणत त्या रविवारी दुपारी तिळगुळाचा डबा घेऊन निघाल्या. डबा हे निमित्त. मुनिरकाच्या गल्लीत वर तारांचं जाळं, खाली ऊन पोचत नाही अशी वाट, आणि भिंतींवर स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांच्या जाहिराती. अक्षयाची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिनं दार उघडलं. डोळे रडून सुजलेले होते, आणि उत्तराबाईंना बघून ती पुन्हा रडू लागली.

"काकू, बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "कुणीतरी माझी तक्रार केलीय. उद्या विभागप्रमुखांनी बोलावलंय. तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल ना?"

उत्तराबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. तक्रार कुणाची ते तिला सांगितलेलं नव्हतं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या की बोलेन, पण आधी मला सगळं दाखव. तुझी ती वळणं कुठून आली?

अक्षयानं लॅपटॉप उघडला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"ती तुमच्या चाळणीवर राहिलेली आहेत, काकू."

मग ती हळूहळू सांगू लागली. चाळणीतून आलेल्या मोजणीत जागोजागी भोकं होती, आणि ती भोकं झुबक्यानं पडलेली दिसली म्हणून तिला राहवलं नाही. बाहेर काढलेलं तिनं परत मागून आणलं. त्यात हीटरच्या उड्या होत्याच, भरपूर होत्या. पण दुसरंही काही होतं. हीटरच्या उडीत चुंबकत्वाचा जोर बदलतो. या दुसऱ्या वळणांत जोर होता तेवढाच राहत होता, नुसती दिशा फिरत होती आणि परत येत होती. आणि प्रत्येक वळणाबरोबर वाऱ्याचा वेगही वाढत होता.

उत्तराबाईंनी उलटतपासणी सुरू केली. हीटर त्या वेळी चालू होता का? बंद होता, ही वेळापत्रकं. सौरपट्ट्यांमधली वीज? ती तशीच होती. यानाच्या लांब दांड्यावर एक टोकाला आणि एक यानाजवळ अशी दोन यंत्रं आहेत, ती एकमेकांशी जुळतात का? यानाची घाण असती तर जवळच्या यंत्राला जास्त लागली असती. दोन्हींना सारखीच लागली होती. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अक्षयाकडे तयार होतं, कारण हे प्रश्न कसे विचारायचे ते ती गेली काही वर्षं डबा खाता खाता यांच्याकडूनच शिकली होती. बाईंना विचारायला काही उरेना. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

यानाला वेग कळतो तो वेगळ्या यंत्रातून. हीटर काही सौरवाऱ्याला ढकलू शकत नाही. एवढी साधी गोष्ट आपण चाळणी लिहिताना बघितली नाही, कारण आपल्याला उडी दिसली की शांतारामसर दिसत होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं तर बाईंनी ओल्याचे भारेच्या भारे स्वतःच्या हातानं आगीत घातले होते. ज्या घड्यांसाठी जगातले लोक डोळे लावून बसले होते, त्या रोज यांच्या दारात येत होत्या आणि या त्यांना पिना समजून बाहेर ठेवत होत्या.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

अक्षया म्हणाली की विभागातल्या प्रत्येक पेपरात तुमची चाळणी आहे. तुमच्या निवृत्तीला थोडा काळ राहिलाय. शांतारामसरांचं तुम्हीच मला सांगितलं होतं. "मला वाटत होतं, शोधता शोधता माझीच चूक सापडावी. म्हणून तुमच्यापासून लपवत होते. आणि आता कुणाला तरी वाटलं मी मोजणीच बनवली." तिनं नाक पुसलं. संगणक विभागातला तो माणूस असेल, किंवा शेजारच्या टेबलावरचा, असं म्हणून ती एकेकाचं नाव घेऊ लागली.

इथं उत्तराबाईंना गप्प बसता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं. उद्या मेल मागे घेतला असता आणि परतताना आणखी दोन लाडू हातावर ठेवले असते. तो मोह त्यांना झाला, आणि चांगलाच झाला.

"तक्रार मी केलीय," त्या म्हणाल्या.

अक्षयाला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. ती ओरडली नाही की रडली नाही, तिनं फक्त लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. "मी सगळ्यांवर संशय घेतला," ती म्हणाली, "फक्त तुमच्यावर नाही." मग तिनं विचारलं की मॅडम, चहा घेणार का. घरात, खोलीत, काकू म्हणणारी मुलगी मॅडम म्हणाली ते उत्तराबाईंनी ऐकलं. चहा नको म्हणून त्या उठल्या. तिळगुळाचा डबा तिथंच राहिला आणि गोड बोला म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

सोमवारी विभागप्रमुखांच्या खोलीत त्यांनी आपला मेल मागे घेतला आणि चाळणीचं सगळं सांगितलं. विभागप्रमुख व्यवहारी गृहस्थ होते. ते हिंदीत म्हणाले की मुलीचा प्रबंध आपण पुढे जाऊ देऊ, चाळणीचं इतक्या मोठ्यानं बोलायची काय गरज? झालेले पेपर झाले. उत्तराबाई म्हणाल्या की माझ्या चाळणीतून गेलेला प्रत्येक पेपर पुन्हा तपासायचा, आणि तसं माझ्या नावानिशी जाहीर करायचं. प्रमुखांनी मग एकच विचारलं, की ही वळणं सूर्यावरूनच आली याची खात्री आहे का.

"नाही," उत्तराबाई म्हणाल्या. "सूर्याची असतील, वाटेतली असतील. यानाची नाहीत. आणि मुलगी खोटी नाही, याला मी जामीन."

जन्मात त्या कुणाला जामीन राहिल्या नव्हत्या. बाजूला बसलेली अक्षया समोरच्या भिंतीकडे बघत होती.

सूर्य की वाट, हा प्रश्न उरलाच होता. त्यावर उपाय अक्षयानंच काढला. सौरवारा वाटेत तापतो, निवतो, वेग बदलतो, पण त्यातल्या हेलियमचं प्रमाण सूर्यापाशी ठरतं ते वाटेत बदलत नाही. झुबक्याबरोबर हेलियमही बदललं, तर तो झुबका सूर्यावरच्या वेगळ्या जागेतून निघालेला असणार. उत्तराबाई हे घरी सांगत होत्या तेव्हा म्हणाल्या की ती घरून बांधून दिलेली शिदोरी, वाटेत कुणी बदलू शकत नाही. शिदोरी म्हणजे काय, असं चिन्मयनं विचारलं. त्यांनी हिंदीत समजावलं. तो म्हणाला, म्हणजे अक्षया आणायची तो डबा का? डबे एकत्र उघडणं संक्रांतीपासून बंद होतं.

बंद म्हणजे भांडण नव्हतं. अक्षया बोलायची, हसून बोलायची, नमस्कार करायची. काही हवं असलं तर मेल लिहायची आणि त्याची प्रत विभागप्रमुखांना पाठवायची. उत्तराबाईंनी एकदा पुरणपोळीला घरी बोलावलं, तर तिनं आभार मानले आणि काम सांगितलं. काम खरंच होतं की नव्हतं, याची चौकशी करावीशी त्यांना वाटली. त्यांनी केली नाही.

फेब्रुवारी सरता सरता ती हेलियमची मोजणी घेऊन आली. काही झुबक्यांत हेलियम बदललं होतं, काहींत नव्हतं. म्हणजे काही घड्या सूर्याच्या, काही वाटेतल्या, आणि दोन्ही पक्षांच्या विद्वानांना थोडं थोडं खाली बघावं लागणार होतं. प्रबंधात हे घालायचं तर तपासणाऱ्या म्हणून उत्तराबाईंची सही हवी. तिनं मोजणी त्यांच्या संगणकावर उघडून दिली. त्यांना वाटलं, आता ती आपल्या टेबलाकडे जाईल आणि संध्याकाळी विचारायला येईल, पूर्वी येत असे तशी.

ती गेली नाही. त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली, हाताची घडी घालून, नजर पडद्यावर. उत्तराबाईंनी एक आकडा बाजूला केला की ती किंचित पुढं वाकायची. त्यांनी तो परत जागेवर ठेवला की सरळ व्हायची. तसं उभं राहणं उत्तराबाईंच्या चांगलं ओळखीचं होतं. रोज सकाळी बूथवर, तोटीवर डोळे ठेवून, त्या स्वतः असंच उभ्या राहत होत्या. समोरच्या माणसाला ते कसं लागतं हे आजवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढून तिच्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, "बस ना. बघ, मी काय काढते, काय ठेवते ते."

"मी उभीच बरी आहे, मॅडम," अक्षया म्हणाली, आणि पडद्याकडे बघत राहिली.